येळवस गुरुवारी नव्हती

"मामा, आईचा आवाज चुकलाय."

गुरुवारी सकाळी हर्षिताचा फोन आला, तेव्हा श्रीनाथ हुमनाबादच्या बस स्टँडसमोर आपल्या मोबाइल रिपेरीच्या दुकानात कुणाचा तरी फुटका स्क्रीन उचकटत होता.

"चुकलाय म्हंजे? घसा बसलाय तिचा. दोन महिने झाले की."

"तसं न्हाई. तू ये. फोनवर न्हाई सांगता येत."

श्रीनाथची थोरली बहीण पूर्णिमा बीदरला मैलूरमधे राहायची, शाळेत शिकवायची. रविवारी ती आणि तिचा नवरा विजयेंद्र लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला बोटीवर गेले होते. मुंबईहून लक्षद्वीप, आठ दिवस. तेरा वर्षांची हर्षिता आणि तिचा धाकटा भाऊ आजीपाशी, विजयेंद्रच्या आईपाशी, नलिनीबाईंपाशी. पोरांना सोडून दोघं पहिल्यांदाच निघाले होते. निघताना अक्कानं पोरांना इतका वेळ धरून ठेवलं, की श्रीनाथ म्हणाला होता, "अगं, लक्षद्वीपला चाललीस, लंकेला न्हाई."

तेव्हा ती हसली नव्हती. ते आता त्याला आठवलं. त्यानं शटर ओढलं आणि बीदरची बस धरली.

हर्षितानं दारातच फोन पुढं केला. आईचा आवाज, सकाळी नऊला आलेला. घोगरा, पण तिचाच.

"बाळांनो, आज येळवस. दुबलगुंडीला शेतात गेलाव का? भज्जी खा, आंबील प्या, आजीला उन्हात बसवू नका. हितं नुसतं पाणीच पाणी हाय."

"बरोबर तर हाय," श्रीनाथ म्हणाला.

"येळवस उद्या हाय, मामा."

खरंच की. या अमावस्येला अख्खा मुलूख शेतात जाऊन जेवतो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात ती गुरुवारीच छापली होती. पण अमावस्या लागणार दुपारनंतर. म्हणून गावाकडच्या, दुबलगुंडीच्या जाणत्यांनी सोमवारी ठरवलं, येळवस शुक्रवारी.

"आईला ठाऊक नसंल."

"मंगळवारी मी तिला लिहिलं. तिकडून अंगठा आला. मग आज ती 'आज येळवस' कामून म्हणायलीय?"

श्रीनाथनं फोन हातात घेतला. सोमवारपासून रोज सकाळी नऊला एक, असे चार निरोप. आणि तीन फोटो. तिन्हींत समुद्र, माणूस एकातबी न्हाई.

"हे बघ," तो म्हणाला. "तू बटण दाबून बोललीस की माइकचं चित्र येतं. आधीच भरून ठेवलेलं पाठवलं की हेडफोनचं. आईच्या चारी निरोपांवर काय हाय?"

"हेडफोन."

त्यानं पहिला निरोप परत लावला. आवाजाच्या मागं पुक् पुक् पुक्. त्यानं निरोप थांबवला. पुक् पुक् थांबलं न्हाई. खिडकीतून येत होतं, शेजारच्या पिठाच्या गिरणीचं.

हर्षिता खिडकीकडं बघत राहिली. "मामा, आई हाय ना?"

"हाय," श्रीनाथ म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं विजयेंद्रला फोन लावला.

"भावजी, अक्काला द्या जरा."

"झोपलीय."

"जेवायच्या वक्ताला?"

"तिला बोट लागलीय. उलट्या व्हायल्यात."

"मग उठली की बोलायला लावा."

"बघतो. हितं रेंज नसते, श्रीनाथ, तू उगी..."

मागून एक बाई ओरडली, "बारा नंबर अटेंडर एवरु?"

"भावजी, समुद्रात 'बारा नंबरसंगं कोण हाय' असं तेलुगूत कोण विचारायलंय?"

फोन कटला. परत लावला तर बंद.

हा माणूस कधी मुंगीवर पाय देत न्हाई. पण बायको कुठं हाय हे लपवणाऱ्याच्या मनात काय हाय, कुणाला ठाऊक?

नलिनीबाई स्वयंपाकघरात उद्याच्या भज्जीला तुरी-हरभऱ्याचे दाणे सोलत बसल्या होत्या. तो शेजारी टेकला.

"मावशी, दोघांत भांडण वगैरे?"

"भांडायला आवाज लागतो, बाबा. ती तर दोन महिने कुजबुजायलीय."

"औषध कुणाचं?"

"माझा काढा. डाक्टरकडं गेली असंल तर मला सांगितली न्हाई."

"निघताना बॅगेत काय घेतली?"

"चार गाऊन. समोर बटणं असलेले. मी म्हटलं, बोटीवर गाऊन घालून कुणाला दाखवतीस? साड्या कपाटातच हायत सगळ्या."

नलिनीबाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "श्रीनाथ, तू हे कामून विचारायलास?"

त्यानं उठून कॅलेंडरचं मागचं पान उलटलं. दुधाच्या फुल्यांमधे दोन शनिवारी अक्काचं बारीक अक्षर होतं. '२.३० लकडीकापूल.'

हैदराबादचं लकडीकापूल. तिथं माणसं कपडे घ्यायला जात न्हाईत, मोठ्या दवाखान्यांत जातात.

मागं पाऊल वाजलं. हर्षिता त्याच्या खांद्यावरून तेच पान वाचत होती.

शुक्रवारी सगळे दुबलगुंडीला शेतात गेले आणि श्रीनाथ हैदराबादच्या बसमधे बसला. लकडीकापूलजवळ त्यानं एकेक दवाखाना धुंडाळला, आणि दुसऱ्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खाटेशी विजयेंद्र उभा होता. दाढी वाढलेली, हातात शहाळं. कुणासाठी आणलं होतं कोण जाणे, कारण अक्काच्या नाकात नळी होती. गळ्याला पट्टी, पट्टीच्या मधोमध भोक, आणि श्वास तिथून यायचा.

श्रीनाथनं खाटेची दांडी धरली.

"मला वाटलं, भावजी, तुमीच तिचं काही बरंवाईट केलाव."

"मी फक्त रोज नऊला पाठवत होतो," विजयेंद्र म्हणाला. "आणि तो अंगठा."

"तेच तर. हे डोकं तुमचं न्हाई." श्रीनाथ बहिणीकडं वळला. "गुन्हेगार तू हायस, अक्का. घसा खडूच्या धुळीनं बसलाय म्हणत सगळ्यांना काढ्यावर ठेवलीस. दोन शनिवार हितं येऊन गेलीस. गळ्याला पट्टी असताना डोक्यावरून काही घालता येत न्हाई, म्हणून बटणांचे गाऊन घेतलीस. आणि निघायच्या आधी कॅलेंडर बघून एकेका दिवसाचा निरोप भरलीस. गिरणी चालू होती, तुझ्या ध्यानात आलं न्हाई. सगळं जमलं होतं. पण सोमवारी दुबलगुंडीवाल्यांनी येळवस बदलली, आणि त्या दिवशी तू आपरेशनच्या टेबलावर होतीस."

अक्कानं उशीजवळची पाटी ओढली. पोरांची जुनीच पाटी होती.

'बोटीचं तिकीट खरं होतं.'

"सहा महिन्यांआधी काढलं होतं," विजयेंद्र म्हणाला. "मग घशात कॅन्सर निघाला, आणि स्वरयंत्र काढायला डॉक्टरांनी नेमकी तीच तारीख दिली. म्हणाले, थांबलात तर आवाजासंगं बाईबी जाईल. काल लग्नाला पंधरा वर्षं झाली, श्रीनाथ. हितंच."

अक्कानं पाटी पुसली, परत लिहिलं. 'आठ दिवस तरी पोरांना वाटू दे, आई समुद्रावर हाय.'

"आणि नवव्या दिवशी?"

तिनं पेन्सिलनं विजयेंद्रच्या खिशाकडं दाखवलं.

विजयेंद्रनं खिशातून तिचा फोन काढून श्रीनाथपुढं धरला. एकाखाली एक नावं होती. हर्षिता दहावी. बाळाची मुंज. हर्षिता पहिला पगार. हर्षिता लग्न. सगळे आवाज भरून ठेवलेले.

श्रीनाथला पुढं वाचवेना. त्यानं फोन खाटेवर ठेवला.

"अक्का, ही पोरगी पकडणार. एका येळवसनं पकडली. लग्नाची तर तिथीच तुला ठाऊक न्हाई."

अक्काचे खांदे हलले. हसणं होतं का रडणं, आवाजाशिवाय कळायला मार्ग नव्हता. मग तिनं डोळे पुसले, फोन उचलला, हर्षिताचं नाव उघडलं, आणि बटण अंगठ्यानं दाबून धरलं.

तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून हवा आली. घर्र. परत घर्र. अकरा सेकंद. तिनं बटण सोडलं.

तिघंही फोनकडं बघत बसले. थोड्या वेळानं माइकचं चित्र निळं झालं. तिकडं ऐकलं गेलं होतं. विजयेंद्रच्या हातातलं शहाळं तसंच.

मग उत्तर आलं. मागं ज्वारीत वारा घुमत होता, कुणी तरी वाढायला हाका मारत होतं.

"आई, माइक आलाय," हर्षिता म्हणाली. तिनं नाक ओढलं. "तू बोलू नको. मी बोलते, तू ऐक. आज येळवस हाय."