न चिकटणारा पंख

सकाळी नऊला मावशीच्या दारात आलेली बाई विमानाचं कापड विकत होती. भाच्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"काचेच्या धाग्याचं कापड," ती म्हणाली. "घरी विमान बांधणारे ते राळेत भिजवून पंखावर चढवतात. वाळलं की कवच होतं."

"घरी विमान? आमच्याकडे साधं स्टूल डुगडुगतं."

"तू बनवलंयस ते. गप्प बस," मावशी म्हणाली.

मावशी खासगी गुप्तहेर. भाचा विमा कंपनीतून लवकर निवृत्त झालेला, पन्नाशीचा; तिची गाडी चालवायचा आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही कामं मन लावून.

प्रकरण असं होतं : एका दंतवैद्याच्या पंखाचं कवच संत्र्याच्या सालीसारखं सुटून आलं. बाईनं होडीचं भिकार कापड विमानाचं म्हणून गळ्यात मारलं, असा त्याचा आरोप. संध्याकाळी सहाला विमान बांधणाऱ्यांची सभा होती. तिथे पुरवठादारांच्या यादीतून तिचं नाव उडणार होतं.

"यादीतून गेले की दुकानाला कुलूप," बाई म्हणाली. "चांगली कापडगिरणी शोधण्यात बारा वर्षं गेली माझी. प्रत्येक तुकडा मी स्वतः नळीवर गुंडाळते. घडी कधीच नाही; घडीवर काच मोडते."

दंतवैद्याचं गॅरेज घराखाली, अकरा उंच पायऱ्या उतरून.

"राळ तीच, हात तेच," मनगट खाजवत तो म्हणाला. "पहिला पंख दगडासारखा झालाय. बदललं काय? कापड! पार्सल आलं तेव्हा मी दवाखान्यात होतो. घरी आलो तर टेबलावर होतं, ते खाली आणलं. खाजेकडे लक्ष देऊ नका, काचेची कुसळं. या कामात सगळेच खाजवतात."

उरलेलं कापड फळीवर होतं, काठाला काठ जुळवून चौपदरी. भाच्यानं हुंगलं. फुलांचा वास. बाई माल सुगंधी करून पाठवते, गिऱ्हाइकाशी वागण्याची रीत चांगली आहे, असं त्याचं मत झालं.

वर दंतवैद्याची बायको भांडी विसळत होती. "कवळी बसवणारा माणूस पंख बसवतोय! मी त्या गॅरेजात पाऊल टाकत नाही."

"आणि घरकाम?" मावशीनं विचारलं.

"वॉशिंग मशीन सासऱ्यांच्या ताब्यात. त्यांना कुणी काही करू देत नाही, म्हणून तेवढं दिलंय. माझे कपडे मात्र मी हातानं धुते."

सासरे बाहेरच्या खोलीत कंगव्यानं पाठ खाजवत बसले होते.

"आजोबा, गॅरेजात जाता का?" मावशी म्हणाली.

"या गुडघ्यांनी? दोन वर्षांत उतरलो नाही. मुलाचं विमान फोटोत बघतो."

"बायकोच," भाचा कुजबुजला. "नवरा उडू नये म्हणून."

मावशीनं बाईला बोलावून घेतलं आणि पाच वाजता सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

"बाई घडी घालत नाहीत, कापड चौपदरी. म्हणजे नळीवरून ते या घरात उतरलं. सुनबाई खाजवत नाहीत. गॅरेज न पाहिलेले आजोबा खाजवतात. बापलेकांचे कपडे एकाच मशीनमध्ये जातात, सुनबाईंचे नाही. तेव्हा कुसळं आजोबांपर्यंत मशीनमधून आली. आणि तो फुलांचा वास दुकानातला नव्हे."

आजोबांचा कंगवा थांबला. "धूळ होती त्यावर. पोरगा एवढा खपतोय, त्याला मळकं कापड? मी धुतलं. ते कपडे मऊ करणारं सुगंधी औषधही घातलं, दोन झाकणं."

"धाग्यावर राळ धरून ठेवणारा लेप असतो," बाई हळूच म्हणाली. "साबणानं तो गेला. वर तुमच्या औषधाचा थर बसला."

"बाबा!" दंतवैद्य ओरडला. "मी त्यात बसून उडणार होतो!"

आजोबांनी कंगवा टेबलावर ठेवला.

दंतवैद्यानं घड्याळ पाहिलं, फोन उचलला आणि सभेच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं. बापाचं नाव न घेता, "माझ्याकडून चूक झाली" असं. मग बाईकडे वळला. "माफ करा. नवं कापड द्याल?"

"आधी तो पंख कापा. माझ्यासमोर. चुकून कुणी विमानाला लावला तर कापड माझंच म्हणतील."

त्या पंखात आठ महिन्यांचं काम होतं. दंतवैद्यानं करवत घेतली, जिन्याशी थांबला आणि मागे वळून म्हणाला,

"बाबा, पंखाचं दुसरं टोक कोण धरणार?"

आजोबा उठले. अकरा पायऱ्या उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. कुणीही घाई केली नाही.