जंगी बाहेर पडू देत नाही

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पण ही गोष्ट खरी आहे आणि माझ्या खापरपणजीच्या बाबतीत घडलेली आहे.

तिचं नाव जयवंता. गाव अकोला. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. रात्र नाही... चैत्रातली भर दुपार.

तिचा नवरा सहदेव कापसाच्या गोदामाचा राखणदार. शेठनं घोडेवाल्या पठाणांकडून एक पहाडी कुत्रा घेतला होता. जंगी. वासराएवढा, अंगावर ही दाट लोकर. ऊन सोसायचं नाही, म्हणून सहदेव त्याच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकायचा.

चोरांनी विष घालू नये म्हणून त्याला एकाच हातचं खायची सवय लावलेली. सहदेवच्या.

गोदामाच्या दारात साखळीनं बांधलेला असायचा. आणि आत जाणाऱ्याला तो अडवायचा नाही. बाहेर पडू द्यायचा नाही... सहदेव ‘सोड’ म्हणेपर्यंत.

मग शेठनं सहदेवला गाड्यांबरोबर अमरावतीला धाडलं. तिथं गाड्यांची रांग लागली, तो अडकला. इकडे जयवंता भाकर-पाणी पुढे ठेवून हात जोडायची. जंगी तोंड फिरवायचा.

उपाशीच मेला बिचारा.

सहदेवनं परतल्यावर त्याला बाभळीखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी जयवंता तान्ह्याला झोळीत निजवून कापूस आणायला गोदामात गेली. पदराचा ओटा भरून वळली...

गुरगुर.

दार सताड उघडं. दारात कोणीच नाही.

तिनं पाय उचलला. साखळी घासली...

उंबऱ्यावर लाळेचा ओला डाग पडला.

बाहेर लेकरू रडून रडून घोगरं झालं. तिची चोळी दुधानं भिजली. पण पाय उचलला की गुरगुर. ती नुसती हाका मारत राहिली.

सहदेव धावत आला. “काहून उभी हायेस? लेकरू रडून राहिलं ना!” म्हणत तिला ओढायला आत शिरला.

मग त्यालाही ऐकू आलं.

“सोड रे जंगी. सोड तिले.”

गुरगुर थांबली. जयवंता पळाली, लेकराला छातीशी धरलं, मागे वळून पाहिलं.

सहदेव आतच होता.

“सोड,” तो म्हणाला. “सोड रे बापा... मले यायले उशीर झाला.”

गुरगुर वाढत गेली.

लोक जमले. दारातून शिरायची कोणाची छाती होईना. शेवटी मागची भिंत फोडली.

आत कापूस होता. सहदेव नव्हता.

जयवंता दारासमोरून हललीच नव्हती. तो बाहेर पडलेला तिनं पाहिला नाही, कोणीच नाही.

तिथं आता दुकानं झालीत. मी रस्त्यावरूनच सामान मागतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

आमच्या घरी सहदेवचं श्राद्ध कधीच झालं नाही. जयवंतानं मरेपर्यंत घालू दिलं नाही.

“तो मेला नाही,” ती म्हणायची. “आत हाय.”