पूर्णविराम सर

"झोप येत असेल तर आत्ताच खाली जा," काका म्हणाले. "नंतर जिन्यावरून एकटं उतरायला कुणी तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे."

गच्चीवरचं एकही पुतणं हललं नाही. धाकटीने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"गोष्ट तुमच्या आत्याच्या यजमानांची."

"दिवसभर खिडकीशी बसतात ते?"

"तेच. तेव्हा बसत नव्हते. बोलत होते. फार बोलत होते."

काका त्याच कॉलेजच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे त्यांनी सगळं जवळून पाहिलं होतं. भावोजी, म्हणजे आत्याचे यजमान, तिथल्या लेखन केंद्रात शिकवत. घरी एक भाषा आणि परीक्षेत दुसरी, अशी मुलं आपलं लिखाण घेऊन तिथे येत. केंद्राचा नियम साधा होता. मुलाने स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. अडलं, तर शिकवणाऱ्याने गप्प बसायचं. पेन्सिल मुलाच्याच बाजूला राहायची. सरांनी म्हणायचं ते एवढंच : "घाई नाही. मी थांबतो."

आता भावोजी आणि थांबणार! आत्या "अहो, आमटीत मीठ..." म्हणाली, की हे "संपलं" म्हणत पिशवी घेऊन रस्त्यावर. ती बिचारी जास्त झालंय का विचारत असायची. मुलांनी त्यांना 'पूर्णविराम सर' नाव ठेवलं होतं.

एक मुलगी यायची. वाचताना दर वाक्याच्या शेवटच्या शब्दाशी अडायची आणि पेन्सिलचं टोक चावत बसायची. भावोजी शब्द पुरवायचे. मग अर्धं वाक्य. मग अख्खं पान. प्रबंध झाला झकास. तोंडी परीक्षेत मात्र तिला त्यातलं काही सांगता येईना. चोरीचा आळ आला. समितीने भावोजींना बोलावलं. नोकरी कायम व्हायची होती, ते म्हणाले, "मी एकही शब्द दिलेला नाही."

मुलीचं नाव कॉलेजच्या पटावरून कमी झालं. आठवड्याने ती वसतिगृहामागच्या तलावात सापडली.

वर्षभर तिचे वडील कचेरीचे उंबरे झिजवत होते. पोर गेली, निदान तिच्यावरचा डाग तरी पुसा, एवढंच मागणं. शेवटी फेरचौकशी लागली. मार्चमधला शुक्रवार, सकाळी. आदल्या रात्री, म्हणजे गुरुवारी, जेवण झाल्यावर भावोजींच्या लक्षात आलं की चष्मा केंद्रात राहिला. उद्या समितीपुढे जुनाच जबाब वाचायचा, तर चष्मा हवा. ते निघाले.

कुलूप उघडलं. दिवा लावला. चष्मा टेबलावर होता.

समोरच्या खुर्चीत ती होती.

हातात कागद. नेहमीसारखी खाली मान.

"उद्या माझे वडील समितीसमोर..." ती वाचू लागली आणि अडली.

"येतील," भावोजींच्या तोंडून गेलं. सवय!

"ते विचारतील, माझ्या मुलीनं काय..."

"चोरलं."

"तेव्हा सर सांगतील, की ती वाक्यं..."

शब्द ठाऊक होता. जिभेवर होता. 'माझी'. बस, एवढाच.

भावोजी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा नियम पाळला.

ती थांबली. पेन्सिल चावण्याचा आवाज... कुरकुर... कुरकुर...

मग तोही बंद.

तिने पेन्सिल टेबलावरून सरकवली. त्यांच्या बाजूला.

"घाई नाही, सर. मी थांबते."

...

पहाटे शिपायाला ते तसेच बसलेले सापडले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कागदही नव्हता. समितीकडे जाताना त्यांनी रात्रीचं सगळं काकांना सांगितलं, तो एक शब्द सोडून.

सकाळी समितीपुढे उभे राहिले. जुना जबाब त्यांनी बाजूला सारला. खरंच बोलायचं ठरवून आले होते, हे काकांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"ती वाक्यं..." भावोजी म्हणाले.

पुढे काही येईना. तोंड उघडं. अध्यक्ष घड्याळ बघू लागले.

मागच्या बाकावरचे वडील उठले. हात जोडले.

"घाई नाही, साहेब. मी थांबतो."

ते सगळ्यांच्या आधीपासून बसले होते. सगळे उठून गेल्यावरही बसून राहिले. इतिवृत्तात 'निवेदन अपूर्ण' अशी नोंद झाली. अपुऱ्या वाक्यावर कॉलेज निर्णय फिरवत नाही. डाग राहिला. दोन वर्षांनी वडीलही गेले.

मग धाकटी हळूच म्हणाली, "काका, ते आता काहीच बोलत नाहीत?"

"बोलतात की. रोज रात्री. दोन शब्द. पुढचा तुमची आत्या पुरवून बघते. ते मान हलवतात. तिने पुरवून चालत नाही."

"आणि ती पेन्सिल?"

"शिपायाने माझ्याकडे दिली. कपाटात आहे, कोरड्या डब्यात. अकरा उन्हाळे झाले." काकांनी चादर खांद्यावर घेतली. "परवा डबा उघडला. चावलेलं टोक अजून ओलं आहे."