फुंकर

भाट्याला खाडीच्या तोंडाशी, माडांच्या आगरात भिकाजी तांडेलाचं घर होतं. अर्ध्या उंचीपर्यंत चिरे, वर मातीच्या भिंती. पुढच्या पडवीत बसलं की पलीकडचा राजिवडा आणि बंदरात शिरणारी गलबतं दिसत. भिकाजीचं गलबत मंगळूरची कौलं मुंबईला पोचवी. नारळी पौर्णिमा झाली की तो दर्यावर जाई, आणि मग घरात तिघंच उरत: त्याची आई सोनूबाई, बायको मालन आणि नुकताच चालायला लागलेला लवू.

सन एकतीसचा तो पावसाळा सरत आला होता. भिकाजी जाऊन फार दिवस झाले नव्हते. लवूने अंगणात कोंबडीचं पिल्लू धरलं आणि कोंबडीने त्याच्या हाताला टोच मारली. रडायला त्याने तोंड उघडलं, पण रडणं बाहेर आलंच नाही. तोंड तसंच उघडं राहिलं. चेहरा लाल झाला, मग काळानिळा. ओठ पिकल्या जांभळासारखे. अंग ताठ झालं आणि एकाएकी लुळं पडून मालनच्या हातावर ओघळलं.

सोनूबाईने हंबरडा फोडला. मालनने त्याच्या तोंडावर जोरात फुंकर घातली, परत घातली. पोराने आचका दिला, श्वास ओढला आणि मग कुठे भोकाड पसरलं.

सोनूबाईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, मनगटात काळा दोरा बांधला. मालनचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिचे वडील राजापूरला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधांच्या वासात ती वाढली होती. दुसऱ्याच दिवशी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून तिने लवूला रत्नागिरीत डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी छाती तपासली, डोळे पाहिले.

"काही मुलं रडताना श्वास धरून ठेवतात," ते म्हणाले. "बघणाऱ्याचा जीव जातो, पण मुलाला काही होत नाही. चार-पाच वर्षांचा झाला की आपोआप थांबेल."

"फुंकर घातली नाही तरी श्वास येतो?"

"येतो. शरीर आपलं काम विसरत नाही."

हे वाक्य मालनने घट्ट धरून ठेवलं. पुढे जेव्हा जेव्हा तसं झालं तेव्हा ती घाबरली नाही. फुंकर मात्र घालीत राहिली.

दिवाळी गेली. एका दुपारी लवू पायरीवरून पडला आणि त्याचा श्वास गेला. फुंकरीने तो परत आला तेव्हा त्याला पोटाशी धरताना मालनला त्याचं डोकं ओलं लागलं. सोनूबाईने पाण्याचा हबका मारला असेल, असं तिला वाटलं. पण सोनूबाई त्या वेळी आगरात झावळ्या विणत होती. मालनने ओली बोटं जिभेला लावली. खारट होती. घाम, ती स्वतःशीच म्हणाली.

त्यानंतरच्या खेपेला वास आला. गलबताच्या फळ्यांना चोपडतात त्या माशाच्या तेलाचा, त्यात भिजलेल्या काथ्याचा. भिकाजी घरी आला की त्याच्या कपड्यांना यायचा तसा. पोराने श्वास घेतला आणि वास विरून गेला.

याच सुमारास काशीराम आला. तोही गलबत चालवणारा तांडेल, भिकाजीचा सोबती. पडवीत बसून त्याने पाणी मागितलं, पण प्यायलं नाही.

"वेंगुर्ल्याच्या पुढं वारं फिरलं, वहिनी. आम्ही किनाऱ्याला लागलो. भिकाचं शीड काय मग दिसलं नाय."

"दुसऱ्या कुठल्या बंदरात शिरले असतील," मालन म्हणाली.

"व्हय. तसंच असंल," काशीराम म्हणाला आणि जमिनीकडे बघत बसला.

बंदरात गलबतं येत राहिली. भिकाजीचं आलं नाही. सोनूबाई सकाळी पडवीत बसे ती उन्हं माथ्यावर येईपर्यंत उठत नसे. दोघी एकमेकींशी भाताच्या, सरपणाच्या गोष्टी बोलत. तेवढंच.

लवूला आता एकेक शब्द येऊ लागला होता. असाच एकदा रडता रडता निळा पडून तो परत आला आणि मालनच्या खांद्यावर गाल टेकून म्हणाला, "बा वला."

"काय रे बाळा?"

"बा वला. थंडी."

मालन जागच्या जागी उभी राहिली. बाप गेला तेव्हा हे पोर नुकतं पावलं टाकू लागलं होतं. त्याला बाप आठवतही नसणार.

ती पुष्कळ दिवस स्वतःशी झगडली. मग एके दुपारी, सोनूबाई विहिरीवर गेलेली असताना, तिने लवूच्या हातातली खेळायची करवंटी काढून घेतली. तो हसला, त्याला खेळ वाटला. तिने करवंटी उंच धरली. त्याचे ओठ वाकडे झाले, तोंड उघडलं, आवाज बंद झाला. मालन त्याला मांडीवर घेऊन बसली आणि तिने फुंकर घातली नाही.

श्वास आपोआप आला. डॉक्टर म्हणाले होते तसाच.

"बा कुठाय रे?" तिने कानाशी विचारलं.

"बसलाय," लवू म्हणाला. "बा हाक मारतो."

ती पदर तोंडात कोंबून रडली. आणि दोन दिवसांनी तिने परत तेच केलं.

सोनूबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. एकदा ती सरपणाचं लाकूड हातात घेऊन मागीलदारी येऊन उभी राहिली. मांडीवर निळं पडलेलं पोर आणि त्याच्याकडे टक लावून बसलेली सून.

"काय करतेस गो? मेले, फुंकर घाल त्याला!"

तेवढ्यात लवूने श्वास घेतला आणि काहीतरी पुटपुटला. मालनने सासूला सगळं सांगितलं. आता ही हातातलं लाकूड मारणार, असं तिला वाटलं होतं. सोनूबाई मटकन खाली बसली. तिने लवूच्या तोंडाजवळ कान नेला.

"विचार ना त्याला... माझी आठवण काढतो का."

मग तो दोघींचा उद्योग झाला. त्याला त्यांनी नाव दिलं नाही. एकीने पोराला रडवायचं, दुसरीने दार लोटून घ्यायचं. प्रत्येक वेळी पोर परत यायला थोडा जास्त वेळ लागे. ते वाळत चाललं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि करवंटी कोणी हातात घेतली तरी ते दचके. मालनला दिसत होतं सगळं. उद्यापासून नाही, ती रोज ठरवी.

शिमग्याच्या आधी एकदा लवू परत आला तो थरथरत. "बा उचलतो," तो म्हणाला. "बा सोडत नाय."

मालनने त्याला घट्ट पोटाशी धरलं.

"आत्याबाई, आता पुरे," ती सासूला म्हणाली. "यापुढं त्याला रडवायचं नाही."

सोनूबाईने मान हलवली. तिने हो म्हटलं की नाही, ते मालनला कळलं नाही.

पुढे काही दिवस घरात रडणं नव्हतं. लवू जे मागे ते मिळे. त्याच्या गालांवर पुन्हा रंग येऊ लागला. मग एक दिवस मालबारहून गलबतं आल्याचं कळलं आणि चौकशी करायला मालन तरीतून पलीकडे गेली. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. ती परतली तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं.

दार आतून लोटलेलं होतं.

माजघरात सोनूबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लवू. तो निळा नव्हता. निळ्याच्याही पुढे गेला होता, राखेसारखा झाला होता.

"कधीपासून?" मालन ओरडली.

"थांब गो जरा," सोनूबाई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "येतोय. येतोय तो."

मालनने पोर हिसकावून घेतलं.

तिने फुंकर घातली. काही नाही.

पुन्हा घातली. पुन्हा. तिच्या छातीत वारा उरेना.

"लवू! बाळा, ये! माझ्याकडं ये!"

माजघरात माशाच्या तेलाचा वास दाटला. जमीन पायाखाली ओली लागली.

आणि पोराने श्वास घेतला.

तो आचका नव्हता. खोल पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा तो लांब, भरदार श्वास होता. मग त्याने डोळे उघडले. मालनकडे पाहिलं. वर वाशांकडे पाहिलं, भिंतींकडे, दाराकडे.

तो रडला नाही.

त्यानंतर तो कधीच रडला नाही. उन्हाळ्यात आरे-वारे किनाऱ्याच्या पुळणीवर गलबताच्या फळ्या लागल्या. काशीरामने त्या ओळखल्या. चुलत दिराने भिकाजीचे दिवस केले. पुढे कधीतरी डॉक्टर भेटले. धडधाकट लवूला पाहून ते खूश झाले. "म्हणालो नव्हतो? जातं आपोआप." मालनने हात जोडले.

लवू गुणी निघाला. हट्ट नाही, पसारा नाही. फक्त त्या दुपारनंतर त्याने तिला एकदाही आई म्हटलं नाही. तिने जवळ घेतलं की तो अवघडून उभा राही. निजायला तो पडवीत जाऊ लागला. सोनूबाई त्याला आधी वाढी, माशाची मोठी तुकडी त्याच्याच पानात घाली, आणि तो जेवताना समोर बसून राही. वर्ष-दोन वर्षांनी ती गेली. गेली तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता, आणि तिचा चेहरा तृप्त होता.

मालन तृप्त नव्हती. भरतीच्या वेळी ती खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राही. आसपास कोणी नाही असं पाहून पाण्याकडे वाकून फुंकर घाली. दीड-दोन वर्षांच्या पोराला "थंडी" एवढंच सांगता येतं, हे तिच्या मनातून जात नसे. आपण ऐकलं होतं. ऐकूनही पुन्हा पुन्हा पाठवलं होतं.

लवू सात-आठ वर्षांचा झाला, तेव्हा चुलत दीर म्हणाला की या वर्षीपासून पितृपक्षातला बापाचा म्हाळ त्यानेच घालावा. भाद्रपदातली स्वच्छ सकाळ होती. भटजींनी त्याला पाटावर बसवलं, बोटात दर्भाची अंगठी घातली, ओंजळीत पाणी आणि तीळ दिले. मालन दाराशी उभी होती.

"ज्याच्यासाठी पाणी सोडतोस, त्याचं नाव घे," भटजी म्हणाले.

"लवू," तो म्हणाला.

भटजी हसले. "अरे, तुझं नव्हे. गेलेल्याचं नाव घे."

त्याने मान वळवून मालनकडे पाहिलं. भटजी वाट बघत होते.

"लवू," तो पुन्हा म्हणाला, आणि ओंजळीतलं पाणी त्याने सावकाश सोडलं, लहान मुलाच्या तोंडात घालावं तसं, थेंब थेंब.