अकरा कट्ट्यांची बाग

"हळू, मॅडम... रोपं हायत ती!"

महामाया इतक्या घाईनं वळली होती, की हातातल्या ट्रेमधली निम्मी वांग्याची रोपं समोरच्या माणसाच्या शर्टावर सांडली. तो माती झटकत हसला. लातूरच्या वेशीवरची ही रोपवाटिका त्याचीच. नाव नागसेन.

"गाडी सुटायलीय का तुमची?"

"नाही... सवय आहे."

पोलीस भरतीसाठी ती रोज पहाटे धावायची. गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी चार महिने धावणं बंद केलं. "पण नुसत्या बसू नका. घरी भाजी लावा. माती कालवा, थोडंथोडं पाणी घाला. तेवढा व्यायाम पुरे." मायाला ती शिक्षाच वाटली होती.

गच्चीवर तिनं सिमेंटचे अकरा रिकामे कट्टे, म्हणजे पोती, मातीनं भरले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी ती साठवायची. पण धीर काही धरवेना. तिनं नागसेनला फोन लावला.

"मेथी उगवलीच नाही."

"पेरली कधी?"

"काल."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. "येऊन बघू का?"

रविवारी तो आला. ती गुडघा धरून जिना चढतेय, हे त्यानं पाहिलं. उन्हात माती सुकू नये म्हणून कट्ट्यांवर उसाचं पाचट पसरलं. मग एक उंच स्टूल तिच्यामागे सरकवलं. "गुडघा मोडून बसायचं न्हाई." पाचट सारखं करताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही हात जरा उशिराच काढले.

मग दर रविवारी तो यायचा. मेथी खुडून झाली, वांगी फुलावर आली. मायाचे सोमवार ते शनिवार मात्र सरता सरेनात.

डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली, त्याच आठवड्यात नांदेडच्या मैदानी चाचणीची तारीख आली. तिनं ती नागसेनला कळवली. "लई छान," एवढंच उत्तर. त्या रविवारी तो आला नाही. दुपारपर्यंत ती जिना दहादा चढली-उतरली. शेवटी रिक्षा करून रोपवाटिका गाठली.

"आला का नाहीस?"

तो मिरचीच्या रोपांकडेच बघत राहिला. "तू पोलिसात निघालीस... आता काही बोललो तर तुझा पाय मागं ओढल्यासारखं व्हईल."

"मला थांबवायचा दम आहे तुझ्यात?"

"न्हाई."

"मग भितोस कशाला?"

त्यानं पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आवडतीस तू. लई."

मायाच्या छातीतली धडधड मैदानावरही कधी एवढी वाढली नव्हती. तरी ती शांतपणे म्हणाली, "मग आईकडे ये. वांगी बघायला नाही... मला मागायला."

"आज येऊ?"

"चाचणी झाल्यावर."

"तवर अठरा दिवस हायत, माया! कसं काढू?"

ती हसली. बाजूची झारी उचलून त्याच्या हातात दिली.

"आधी मिरचीला पाणी घाल."