काशाची वाटी

सरिता घरमालकीण तुळसाबाईंकडे काशाची वाटी मागायला खाली उतरली, तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच वर आलं होतं आणि जिन्याचा लोखंडी कठडा आत्ताच हात टेकू देत नव्हता. नवतपा लागला होता, मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. नागपूरच्या माणसाला या दिवसांचं काही सांगायला नको, आणि बाहेरच्याला कितीही सांगा, पटत नाही. तेव्हा ते राहू द्या.

हुडकेश्वरच्या नव्या वस्तीतलं ते घर. खाली तुळसाबाई एकट्या, आणि वर स्लॅबखालच्या खोलीत सरिता नि तिचा नवरा धम्मानंद. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, घरात दोघंच. धम्मानंद कळमेश्वरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता, पत्रा दाबायच्या. पाळी रात्रीची. म्हणजे झोपायचं दिवसा, तेही तव्यासारख्या तापलेल्या स्लॅबखाली. झोप कसली लागते! आणि मग व्हायचं तेच झालं. एका रात्री मशीनसमोर त्याला डुलकी लागली. शेजारच्या मशीनवरच्या अनंतनं कॉलरला धरून मागे खेचलं म्हणून उजवा पंजा वाचला. घरी येऊन धम्मानंदनं हे हसत हसत सांगितलं. सरिता हसली नाही.

त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला, की काही झालं तरी या माणसाला दिवसा झोप लागली पाहिजे. गच्चीला चुना मारून झाला, वर ओली पोती पसरून झाली. कूलरला नवी खस बसवली. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवून खोलीत मिट्ट अंधार केला. गादी पलंगावरून काढून ओल्या फडक्यानं पुसलेल्या फरशीवर अंथरली. पन्हं पाजलं, जेवणात कांदा वाढला. एवढं करूनही हा आपला या कुशीवरून त्या कुशीवर.

"पायाची आग होऊन राहिली वं," एवढंच म्हणायचा.

तुळसाबाईंनी फडताळातून वाटी काढून पदरानं पुसली. "तळपायाले तूप लाव आन् हिच्यानं घास. तूप काळं पडलं का समज, आंगातली गरमी निघाली."

"खरंच होते का मावशी?"

"करून तं पाह्य."

आणि खरंच झालं. अंधारात गादीच्या पायथ्याशी बसून सरितानं उजवा पाय मांडीवर घेतला, तूप लावलं आणि वाटी गोल गोल फिरवत राहिली. कूलरची घरघर, ओल्या खसेचा वास, आणि वाटीचा हलकासा आवाज. डावा पाय घेईपर्यंत धम्मानंद ढाराढूर झोपला होता. संध्याकाळी उठला तो एकदम ताजातवाना. मग रोज दुपारचा हाच नेम झाला. सरिताचे हात भरून यायचे, पण त्याचा तो संथ झालेला श्वास ऐकला की तिच्या जिवाला बरं वाटायचं.

एका दुपारी वाटी चालू असतानाच लाइन गेली. कूलर धापा टाकल्यासारखा दोनदा घरघरला आणि थांबला. खोली इतकी शांत झाली की टाकीतलं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं. लाइन जाऊनही धम्मानंद जागा झाला नाही. सरितानं डावा पाय पुरा केला, अलगद खाली ठेवला, आणि पुन्हा एक पाय तिच्या गुडघ्याला टेकला.

झोपेत केला असेल पुढे, असं म्हणून तिनं तो मांडीवर घेतला. बोटांनी तूप लावलं, वाटी टेकवली. वाटी खरखरली.

रात्र रात्र बुटात राहून धम्मानंदचे तळवे लोण्यासारखे मऊ झाले होते. या टाचेला भेगा होत्या, बोट अडकेल एवढ्या खोल. आणि पाय असा तापलेला होता, जसा कोणी आत्ताच भर उन्हातून डांबरी रस्त्यावर चालून आला आहे. सरिताचा हात फिरतच राहिला. दुसरा हात तिनं हळूच गादीवर नेला. चादरीखाली धम्मानंदचे पाय होते. एक... आणि दोन.

 तिनं तोंडातून हूं की चूं काढलं नाही. ओरडली असती तर धम्मानंद जागा झाला असता, आणि रात्री त्याला मशीनसमोर उभं राहायचं होतं. म्हणून ती घासत राहिली. तो झाल्यावर शेजारून चौथा पाय पुढे आला, तोही घासला. पाय हळूहळू निवत गेले. मग अंधारात तिला दोन श्वास ऐकू आले. एक तिच्या नवऱ्याचा. दुसरा त्याच्या शेजारी, भिंतीच्या बाजूनं.

लाइन आली. तिनं दिव्याचं बटण दाबलं. धम्मानंद एकटाच झोपला होता, आणि भिंतीच्या बाजूची फरशी मोकळी होती. वाटीच्या बुडाला लागलेलं तूप मात्र काजळासारखं काळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तुळसाबाईंना विचारलं, "मावशी, आमच्या पहिले वरच्या खोलीत कोण राहत होतं?"

"कोणीच नाही. घर नवं, तुमीच पहिले. काहून वं?"

"काही नाही... असंच."

आता सांगायचं तरी कोणाला? आजोबांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, तेव्हापासून सरिताच्या घरात अंगारा-धुपारा शिरला नव्हता, आणि भुताखेताचं नाव काढलं तर धम्मानंद तिलाच वेड्यात काढणार. तिनं मनाशी ठरवलं, आपण आपल्या माणसाचे पाय घासायचे आणि उठायचं.

त्या दुपारी तिनं तसंच केलं. धम्मानंदचे दोन पाय झाले, तो झोपला. गुडघ्याला तापलेला पाय टेकताच ती उठली आणि भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली.  मग फरशीवर टाचा घासल्याचा आवाज यायला लागला. कोणीतरी कूस बदलत होतं. पुन्हा बदलत होतं. उसासे टाकत होतं.

"सरिता..." धम्मानंद जागा झाला. "माह्या बाजूले कोण तळमळून राहिलं वं?"

"कोणी नाही... झोपा तुमी."

पण त्यानंतर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावरून आला आणि उजव्या हाताचा मोजा त्यानं ओट्यावर ठेवला. मोज्याच्या एका बोटाचं टोक साफ उडालं होतं. आतलं बोट थोडक्यात बचावलं होतं. या वेळी तो हसला नाही.

भ्यायची चैन सरिताला परवडणारी नव्हती. त्या दुपारपासून ती चार पाय घासू लागली. आधी आपल्या माणसाचे, मग त्याचे, जो कोण होता त्याचे. दोन्ही श्वास संथ झाले की मगच उठायची. धम्मानंद संध्याकाळपर्यंत गाढ झोपायचा आणि मशीनवर नीट उभा राहायचा. आणि सवय मोठी अजब गोष्ट असते बघा. त्या टाचेच्या भेगा भरत आल्यात, हे लक्षात आल्यावर तिला चक्क बरं वाटलं. एकदा तर ती पुटपुटलीसुद्धा, "इतक्या उन्हाचं अनवाणी कोण फिरते जी?"

 पायाची बोटं किंचित आखडली, एखादा माणूस ओशाळावा तशी.

नवतपा संपायला आला होता. एका दुपारी चारही पाय झाले, दोन्ही श्वास संथ झाले. सरितानं कपाळावरचा घाम पुसला आणि वाटी खाली ठेवायला हात लांबवला. तिच्या मांडीला काहीतरी लागलं.

पाय होता. तिच्या तळहातात मावेल एवढा. वाटाण्यासारखी बोटं, आणि टाच अशी भाजत होती की तिनं हात झटकन मागे घेतला, आणि लगेच पुन्हा पुढे केला. एवढ्याशा लेकराला एवढं ऊन कुठं लागलं असेल, हा विचार तिच्या मनात भीतीच्याही आधी आला, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं तुपाच्या डब्यात बोटं घातली. बोटं कोरड्या तळाला लागली.

लहानसा पाय फरशीवर आपटू लागला. आधी हळू, मग जोरात.

"थांब रे बाळा..." ती कुजबुजली. "थांब... खालून मागून आणते मी..."

भिंतीच्या बाजूचा श्वास थांबला. गादीवर धम्मानंदनं कूस बदलली, आणि अंधारातून त्याचा पूर्ण जागा झालेला आवाज आला.

"सरिता... लेकरू काहून रडून राहिलं वं?"

सरिताला रडणं ऐकू येत नव्हतं. धम्मानंद मात्र उठून बसला होता, आणि त्या रात्रीही मशीनवर त्याची पाळी होती.