काठी एकदा वाजली

डॉक्टरांनी सासऱ्यांना रोज थोडं चालायला सांगितलं होतं. कुठे चालायचं, हे सांगायचं राहून गेलं, आणि तेवढ्या फटीतून सासऱ्यांनी अख्खा डोंगर घरात आणला.

घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गेल्या हिवाळ्यात त्यांचीच छाती उघडून आतली यंत्रणा दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून घरात त्यांना लोणच्याच्या बरणीसारखं दोन्ही हातांनी उचलून ठेवत. जिना चढताना एक जण पुढे, एक जण मागे. "माझी मिरवणूक काढताय का?" असं ते विचारत, आणि तरी मिरवणूक निघतच असे.

डोंगरावर तीन पॉइंट होते. पहिला लोखंडी कठड्याचा; तिथवर कडेवरची मुलंसुद्धा जाऊन येत. दुसरा सपाट कातळाचा. तिसरा पार सोंडेच्या टोकाला, जिथून दोन्हीकडच्या दऱ्या एकदम दिसतात असं म्हणत. तरुणपणी सासरे दुसऱ्यापासून परत फिरले होते, कारण दुकान उघडायचं होतं. आता दुकान बंद झालं, पण तिसरा पॉइंट राहिला तो राहिलाच.

"बाबांना नेताय तसे परत आणा," निघताना मुलीने नवऱ्याला बजावलं. "खरचटलं तर चालेल. दम लागता कामा नये."

"आणि मला दम लागला तर?"

"लागू दे. तुम्हाला अजून कुणी उघडून बघितलेलं नाही."

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. माणसाला दिसतं किती आणि दिसल्यासारखं वाटतं किती, यातला फरक शोधण्यावर त्याचा संसार चालत होता. स्वभावाने तो सरळ होता. म्हणजे सासऱ्यांनी काही सांगितलं की आधी मान हलवायची आणि विचार सावकाश करायचा. पायथ्याशी सासऱ्यांनी अट घातली तेव्हाही मान आधी हलली.

"मी मागून चालेन, माझ्या चालीने. तुम्ही वळून बघायचं नाही."

"का हो बाबा?"

"घरात सगळे दिवसभर बघतच असतात. कुणी बघितलं की मी म्हातारा होतो."

"मग तुम्ही येताय हे मला कळणार कसं?"

सासऱ्यांनी काठी दगडावर आपटली. टक् टक्. "बोलण्यात श्वास घालवायचा नाही. दोन टोले म्हणजे येतोय. एक टोला म्हणजे थांबा."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे तीन वाजले."

पहिल्या पॉइंटपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतरच्या चढाने मात्र जावयाचा जीव मेटाकुटीला आणला. वाट अशी उभी होती, की आपलेच गुडघे हनुवटीला लागतात की काय असं वाटावं. बूट घसरत होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि मागून आपली ती काठी, न घाई न उशीर, टक् टक्. त्याने अट पाळली. एकदाही वळला नाही. दुसऱ्या पॉइंटच्या कातळावर मात्र दोघंही चांगले पसरले. त्यांनी सफरचंदं खाल्ली, पाणी प्यायलं. खाली दरीत नदी वाळत घातलेल्या दोरीसारखी दिसत होती.

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. वाफाळत, चाचपडत नाही. एखादा माणूस स्वतःच्या घराचा जिना चढतो तसं, सरावाने.

"परत जाऊ या, बाबा."

"आणि आता कारण काय सांगू? दुकान तर बंद झालंय," सासरे म्हणाले.

वाटेवर जागोजाग दगडांवर पांढरे बाण रंगवलेले होते. बाण सोडायचा नाही, एवढं ठरवून जावई उठला, नाडी घट्ट केली आणि निघाला. थोड्या वेळाने मागून आवाज आला. टक् टक्.

धुकं दाट झालं तसे बाकीचे आवाज एकेक करून विझले. आधी पक्षी गेले, मग वारा. शेवटी स्वतःचे बूटसुद्धा कुणा दुसऱ्याचे वाजावेत तसे लांबून वाजू लागले. ओल्या दगडाचा वास होता, शेवाळाचा होता, आणि त्यातच, बंद कपाटात विसरलेल्या लोकरी कोटाचा असतो तसा एक वास. एवढ्या उंचावर तो कुठून आला, हे त्याला कळेना. पुढचं फार तर दोन हात दिसत होतं. चष्मा पुसला की तेवढंच दिसे, आणि न पुसताही तेवढंच.

"बाबा, बरंय ना?"

टक् टक्.

काठी आता जवळून वाजत होती. आणि चाल सुधारली होती. मघाचा जडपणा नव्हता, मधली विश्रांती नव्हती. म्हातारा घरच्यांना फसवत होता म्हणायचा, असं मनात येऊन जावयाला हसू आलं. हसू ओठांवर होतं तोच त्याच्या मानेवर गार श्वास पडल्यासारखं झालं. तो वळणार होता. पण शब्द दिला होता.

"अगदी... मागेच आलात की."

टक् टक्.

बाण बराच वेळ दिसला नव्हता, हे त्याच्या आता लक्षात आलं. वाट पायाखाली सपाट लागत होती, म्हणून तो चालत राहिला होता.

टक्.

एकच टोला, आणि असा कोरडा की पाऊल उचललेलं तसंच राहिलं.

"दमलात?"

उत्तर आलं नाही. तो उभा राहिला. सासऱ्यांना श्वास घेऊ द्यावा म्हणून मुकाट्याने समोर बघत राहिला. हळूहळू समोरचं धुकं विरळ झालं, आणि ज्या जागी तो पाऊल टाकणार होता तिथे दगड नव्हता. काहीच नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे होते, आणि त्याच्या आणि शेंड्यांच्या मधून एक घार आरामात तरंगत चालली होती. घारीची पाठ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

तो होता तिथेच बसला. मग, अट मोडून, वळला.

मागे कुणी नव्हतं.

"बाबा..."

आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही. म्हातारा आत्ता इथे होता, एका काठीच्या अंतरावर. आणि या सोंडेवर दोन्ही बाजूंना... पुढचं वाक्य त्याने मनातही पुरं केलं नाही. त्याऐवजी बायकोचं आठवलं: नेताय तसे परत आणा. घरी जाऊन दारात काय सांगायचं? तुझे बाबा मागे होते, पण मी बघितलं नाही, कारण त्यांनी बघू नका म्हणून सांगितलं होतं?

रांगत, हातांनी दगड चाचपत तो मागे गेला. बाण सापडला. तो डावीकडे वळत होता. हा शहाणा सरळ गेला होता. बाणावर हात ठेवून, कुठल्या बाजूला धावावं हे न सुचून तो थांबला असताना पुढून, सोंडेच्या टोकाकडून, एक खोकला आला. आधी घसा साफ करायचा, मग खोकायचं, मग पुन्हा घसा साफ करायचा. हा खोकला सगळं घर भिंतीपलीकडून ओळखत असे. आजवर त्याचा वैताग येई. आत्ता जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या पॉइंटवर ऊन पडलं होतं. दोन्ही दऱ्या दिसत होत्या, अगदी म्हणत तशा. एका दगडावर सासरे उरलेलं सफरचंद खात बसले होते. जावयाने जाऊन आधी त्यांचा दंड धरला, मग खांदा धरला.

"काय चाचपताय? भाजी आहे का मी?"

"बाबा, तुम्ही... पुढे कसे आलात?"

"पुढे कुठे? तुमच्या मागेच होतो की. तुमची पाठ धरून आलो सगळी वाट. जरा धुकं फाटलं तेव्हा दिसला नाहीत. म्हटलं, आडोशाला गेला असाल."

"आणि काठी?"

सासरे ओशाळले. "ती खालच्या कातळावर राहिली. तुम्ही निघालात तेव्हा लक्षात आलं. हाक मारली असती तर श्वास गेला असता."

जावयाने पुढे काही विचारलं नाही. ऊन छान होतं, म्हातारा धडधाकट होता आणि त्याचा हात गरम होता. माणसाला आणखी किती समजायला हवं? दोघांनी मिळून दोन्ही दऱ्या मनसोक्त पाहिल्या. उतरताना जावयाने त्यांचा हात सोडला नाही आणि सासऱ्यांनीही तक्रार केली नाही. काठी दुसऱ्या पॉइंटवर ठेवल्या जागी होती. तिच्यावर धुक्याचे थेंब मुठीपासून टोकापर्यंत जसेच्या तसे बसलेले होते. जावयाने रुमालाने ती पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

पायथ्याशी फोन लागला.

"आणलेत?"

"आणले."

"दम?"

"मला लागला."

"मग ठीक आहे," बायको म्हणाली, आणि तिने सोडलेला सुस्कारा त्याला स्पष्ट ऐकू आला.

बसमध्ये सासऱ्यांना खिडकीची जागा मिळाली. उतरत्या उन्हात डोंगर अगदी गरीब, सोज्वळ दिसत होता. जावयाचे पाय ठणकत होते आणि तेही त्याला आवडत होतं. डोळे मिटत आले असताना सासऱ्यांनी त्याला कोपराने हलवलं.

"एक बोलू का? रागावू नका."

"बोला ना."

"वरती त्या धुक्यात तुम्ही एकदाच बोललात. वळला नाहीत. पुढे बघतच विचारलंत, घरी माझी वाट कोण बघतंय?"

जावई सावरून बसला. असं त्याने काहीच विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, डोंगर डोक्यात गेला. होतं उंचावर असं. मी म्हटलं, अहो, बायको बघतेय. तर म्हणालात, तिचं नाव आठवत नाही." सासऱ्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तिला सांगणार नाही मी हे. काळजी करू नका."

"मग... पुढे काय झालं?"

"काय होणार? मी सांगितलं तिचं नाव. तुम्ही जरा वेळ उभे राहिलात. मनातल्या मनात म्हणून बघत होता बहुतेक. आणि मग म्हणालात, 'हो... तेच असावं.'" सासरे खिडकीला डोकं टेकून डोळे मिटू लागले. "इतकं हायसं वाटल्यासारखं म्हणालात, की मलाच बरं वाटलं."